तीर्थयात्रेची शिदोरी आणि फळभाज्यांची मिठाई

वाटेत खावयाच्या अन्नाला संस्कृतात 'पाथेय' म्हणतात. मराठीत तीच शिदोरी आणि गुजराती भाषक जैन कुटुंबांत तेच भाथुं. पालिताण्याला शत्रुंजयाच्या पायथ्याशी 'भाथा तळेटी' या नावाची जागाच आहे. सुमारे साडेतीन हजार पायऱ्या चढून-उतरून आलेल्या यात्रेकरूला तेथे लाडू, शेव असा अल्पोपाहार दिला जातो. गिरिराजावर काही खावयाचे नाही, खाली उतरल्यावरच तोंडात घास घालावयाचा, ही तेथील शिस्त. सम्मेदशिखरजीलाही गंधर्व नाल्यापाशी भाथ्याची अशीच व्यवस्था आहे. या भाथ्यातील गोड पदार्थ पाहिले तर ते पीठ, तूप आणि गूळ-साखर यांचेच आढळतात. भाजीचा गोड पदार्थ त्यात सहसा नसतो. घरी सणावारी दुधी हलवा होतो, कोहळ्याच्या वड्या होतात, लाल भोपळ्याचे घारगे होतात. मग यात्रेच्या डब्यात भाजीला इतकी अल्प जागा का, आणि जी जागा मिळाली ती कोणत्या मार्गाने मिळाली, हा आहाराच्या इतिहासातील एक लहानसा परंतु उद्बोधक प्रश्न आहे.

आरंभी मर्यादांचा विचार करणे आवश्यक ठरते. गाजर आणि बीट ही कंदमुळे. त्यांच्या वड्या व हलवे इतरत्र कितीही प्रिय असोत, जैन पाकगृहात त्यांना प्रवेश नाही. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात आले, मुळा यांच्या त्यागाचा उल्लेख आहे आणि बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्राच्या तिसऱ्या प्रकाशात अनंतकाय, रात्रिभोजन व अन्य अभक्ष्यांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. मध हा तर स्पष्टच वर्ज्य. म्हणजे न शिजविता गोड गोळा बांधण्याचा जगात सर्वत्र रूढ असलेला सोपा उपाय येथे उपलब्ध नाही. उरतात त्या वेलीवरच्या फळभाज्या : दुधी, लाल भोपळा, कोहळा, परवल. त्यांतही तिथी आडव्या येतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी न खाण्याचा नियम असंख्य घरांत पाळला जातो, आणि श्वेतांबर कुटुंबांत पाच तिथी, काही ठिकाणी त्याहून अधिक, पाळण्याची रीत आहे. प्रवास तिथी पाहून थांबत नाही.

कच्ची भाजी किसून, तीत साखर कालवून, गोळे वळून मुक्कामी खावे, तर तेही जमत नाही. कारण कच्ची भाजी सचित्त. पायी निघणाऱ्या 'छ'री पालित संघातील सहा नियमांत सचित्त-परिहार हा एक नियमच आहे. दिगंबर परंपरेत वारंवार सांगितल्या जाणाऱ्या एका प्राकृत गाथेत वस्तू प्रासुक होण्याचे मार्ग दिले आहेत : सुकविणे, शिजविणे, तापविणे, आंबट वा खारट पदार्थ मिसळणे आणि यंत्राने छेदणे. साखर या यादीत नाही. म्हणून भाजीला एकदा तरी चुलीवर जावेच लागते. मात्र ती चूल वाटेवर पेटवावी की घरी, हा खरा प्रश्न होता. उघड्या माळावर, झाडाखाली, किड्यामुंग्यांच्या जागेवर चूल मांडणे म्हणजे हिंसेला निमंत्रण. शिवाय पाणी गाळून घ्यावयाचे, जीवाणी पुन्हा त्याच जलाशयात सोडावयाची, सूर्य मावळण्यापूर्वी सर्व आटोपावयाचे. तेव्हा जे काही शिजवावयाचे ते घरीच शिजवून न्यावे आणि मुक्कामी आग न लावता खावे, हेच धोरण सोयीचे ठरले.

येथे दुसरी अडचण उभी राहते ती पाण्याची. दुधी आणि कोहळा यांच्या वजनात सुमारे ९६ टक्के पाणी असते. लाल भोपळ्यात त्याहून थोडे कमी. ज्या शिजलेल्या पदार्थात पाण्याचा अंश राहिला तो रात्र ओलांडली की वासी, म्हणजे अभक्ष्य. दुधी हलवा कितीही तूप घालून परतला तरी दुसऱ्या दिवशी तो डब्यातून बाहेर काढता येत नाही. याउलट पक्क्या पाकाच्या किंवा निर्जल मिठाईला मुदत मिळते. श्वेतांबर परंपरेत ती मुदत कार्तिक पौर्णिमेपासून फाल्गुन चौमासीपर्यंत ३० दिवस, फाल्गुनापासून आषाढ चौमासीपर्यंत २० दिवस आणि पावसाळ्यात १५ दिवस अशी सांगितली जाते. दिगंबर घरांत पिठाची मर्यादा हिवाळ्यात ७, उन्हाळ्यात ५ व पावसाळ्यात ३ दिवस, तर बुऱ्याची म्हणजे पिठी केलेल्या साखरेची मर्यादा अनुक्रमे एक महिना, १५ दिवस व ७ दिवस मानतात. हे आकडे पाठ असलेल्या वृद्ध स्त्रिया आजही पुष्कळ घरांत आढळतील. हवेतील दमटपणा वाढला की मुदत कमी, हे सूत्र सूक्ष्मदर्शक यंत्र येण्याच्या कितीतरी आधी व्यवहारात रुळले होते. आजचे अन्नशास्त्रही पदार्थ किती टिकेल हे त्यातील मोकळ्या पाण्यावरूनच ठरविते. अर्थात नियमांमागील हेतू जीवदयेचा होता, टिकाऊपणाचा नव्हे; दोन्ही एकाच ठिकाणी येऊन मिळाले, इतकेच.

पाककलेविषयी लिहिण्यात जैन ग्रंथकार मागे नव्हते. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, इ. स. १०२५ च्या सुमारास, चामुंडराय दुसरा याने कन्नड भाषेत 'लोकोपकार' हा ग्रंथ रचला. श्रवणबेळगोळची बाहुबली मूर्ती घडवून घेणारा चामुंडराय तो हा नव्हे. नामसाम्यामुळे पुष्कळदा गल्लत होते. या ग्रंथात शेती, पाण्याचा शोध, सुगंधी द्रव्ये यांच्याबरोबर सूपशास्त्र, म्हणजे पाकविद्या, हाही विषय आहे. पुढे १५०८ च्या सुमारास मंगरस तिसरा या जैन कवीने केवळ शाकाहारी पाककृतींचे 'सूपशास्त्र' कन्नड पद्यात लिहिले. त्यात पिठाचे पदार्थ, पेये आणि भाज्या यांना स्वतंत्र स्थान आहे. गंमत अशी की त्यात वांग्याच्या पदार्थांना भरघोस जागा दिलेली आहे आणि वांगे तर बहुबीज म्हणून अनेक जैन घरांत निषिद्ध! ग्रंथातील स्वयंपाकघर आणि प्रत्यक्षातील स्वयंपाकघर यांत अंतर असते, हे आहाराचा इतिहास लिहिताना ध्यानात ठेवणे बरे.

संघयात्रा ही मोठी सामुदायिक घटना होती. मंत्री वस्तुपालाने इ. स. १२२१ मध्ये संघपती होऊन शत्रुंजय व गिरनारची यात्रा केली, तिची वर्णने प्रबंधांत आहेत. अशा संघाचे तंबू, गाड्या, पाणी गाळण्याची व स्वयंपाकाची व्यवस्था बरोबर चाले. साध्या गृहस्थाला ते ऐश्वर्य नव्हते. यात्रा किती जोखमीची असे, याची साक्ष कविवर बनारसीदासांच्या 'अर्धकथानका'त मिळते. १६४१ मध्ये आग्रा येथे लिहून पूर्ण केलेले हे आत्मचरित्र. हिरानंद मुकीम यांनी संवत १६६१ मध्ये, म्हणजे १६०४ च्या सुमारास, सम्मेदशिखराचा संघ काढला आणि बनारसीदासांचे वडील खरगसेन त्यात सामील झाले. परतीच्या वाटेवर संघातील पुष्कळ लोक आजारी पडले, काही दगावले. खरगसेनही आजारी अवस्थेतच जौनपूरला घरी पोहोचले. परमुलखात काय खावे, काय प्यावे, हा प्रश्न तेव्हा केवळ आचाराचा नव्हता, जिवाचाही होता. शिदोरी चुकली तर यात्रा चुकत असे.

महाराष्ट्रातील जवळची क्षेत्रे, जसे की कुंथलगिरी, गजपंथा, मांगी-तुंगी किंवा कुंभोजचे बाहुबली, एक-दोन दिवसांच्या वाटेवरची. तेथे जाताना भाजीच्या गोड पदार्थाचा मान घारग्यांना. लाल भोपळ्याचा कीस गुळात शिजवावयाचा, त्यात मावेल तेवढी कणीक व थोडे तांदळाचे पीठ घालून घट्ट गोळा मळावयाचा, पाण्याचा थेंब वरून घालावयाचा नाही. मग थापून तुपात किंवा तेलात तळावयाचे. भोपळ्याचे स्वतःचे पाणीच पीठ भिजविते. सर्वसाधारण मराठी घरांत असे घारगे तीन-चार दिवस प्रवासात खातात. जैन घरात मात्र ते त्याच दिवशी संपवावे लागतात, कारण भोपळ्याचा ओलावा पुरीत राहतोच. म्हणून पहाटे तळावयाचे, दुपारच्या मुक्कामी खावयाचे आणि उरले तर वाटेत भेटेल त्याला देऊन टाकावयाचे. पुढील दिवसांसाठी खाकरे, भाजलेले चणे आणि निर्जल लाडू. ज्यांनी विगईचा त्याग केलेला असे त्यांच्या वाट्याला तळण व गूळ यांपैकी काहीच येत नसे. त्यांची शिदोरी चण्या-कुरमुऱ्यांवरच भागे.

लांबच्या यात्रेसाठी भाजीतील सगळे पाणी घालवून तिच्या जागी साखर भरणे, हा एकच मार्ग होता. ही विद्या कोहळ्याला उत्तम लागू पडली. पिकलेल्या कोहळ्यावर पांढरट भुकटीसारखा थर असतो आणि अखंड कोहळा महिनोन्महिने टिकतो. आयुर्वेदात कूष्मांडावलेह प्रसिद्धच आहे आणि मराठी घरांतील कोहळेपाक त्याचाच आप्त. उत्तरेत त्याचा पेठा झाला. आग्र्याच्या पेठ्याचा संबंध शाहजहानच्या मुदपाकखान्याशी जोडणारी कथा हलवाई मोठ्या अभिमानाने सांगतात, तिला कथा म्हणूनच ऐकावे. कृती मात्र शास्त्रशुद्ध आहे. कोहळ्याची साल व बिया काढून गराच्या जाड फोडी करावयाच्या, त्यांना काट्याने सर्व बाजूंनी टोचे मारावयाचे आणि चुन्याच्या निवळीत काही तास बुडवून ठेवावयाचे. चुन्यातील कॅल्शियम फोडीतील पेक्टिनशी जुळते व फोड शिजतानाही मोडत नाही. मग तीन-चार पाण्यांनी स्वच्छ धुऊन, फोडी पारदर्शक होईपर्यंत उकळून, गराच्या वजनाइतक्या साखरेच्या पाकात मंद आचेवर ठेवावयाच्या. साखर आत शिरते, पाणी बाहेर पडते. पाक पातळ होतो, तो पुन्हा आटवावयाचा. घाई केली तर फोडी आक्रसतात. शेवटी पाक पक्का होऊन फोडींवर साखरेचा कोरडा पापुद्रा धरला म्हणजे त्या जाळीवर पसरून सुकवावयाच्या. हाताला चिकटली नाही तीच फोड यात्रेच्या डब्यात जाण्याच्या योग्यतेची. ओला, रसदार पेठा खाण्यास अधिक गोड लागतो. परंतु तो घरी खावयाचा.

कोहळ्याविषयी मतभेदही आहेत. बळीच्या जागी कोहळा कापण्याची प्रथा अन्यत्र रूढ असल्यामुळे काही जैन कुटुंबे तो स्वयंपाकातच आणीत नाहीत. ते दुधीच्या वड्या याच पद्धतीने, पाण्याचा अंश न ठेवता करण्याचा यत्न करतात, पण दुधीचा गर मऊ. पेठ्यासारखा कोरडेपणा त्याला साधत नाही. आवळ्याला ही अडचण नाही. मोरावळा पाकासह न्यावा लागतो आणि गाडीच्या हादऱ्याने बरणी गळते. म्हणून पाकातून काढून उन्हात वाळविलेल्या आवळ्याच्या फोडी प्रवासात सोयीच्या. बिहारातील परवलाची मिठाई शिखरजीच्या वाटेवर पुष्कळांना भुरळ घालते. बिया काढून पाकात मुरविलेल्या परवलात खवा भरलेला असतो, आणि खव्यामुळेच ती शिदोरीत टिकत नाही.

या साऱ्याच्या मुळाशी साखर. ती कोठून आली, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या आरंभी फार तीव्र झाला होता. परदेशी साखर स्वच्छ करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरतात, ही गोष्ट स्वदेशीच्या चळवळीत गावोगावी पोहोचली आणि अनेक जैन घरांनी पांढरी साखर सोडून गूळ व देशी खांडसरी जवळ केली. गुळाचा पेठा होत नाही असे नाही, पण त्याला ओल लवकर सुटते. म्हणजे शुद्धतेची काळजी घेतली तर टिकाऊपणा जातो, अशी कोंडी झाली. १९३२ मध्ये देशी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि जावा बेटावरून येणारी साखर मागे पडली. सोलापूरच्या जैन घराण्यात १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९३३ मध्ये नाशिक जिल्ह्यात रावळगाव येथे साखर कारखाना स्थापन केला. इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले. शेठजींचा हेतू उद्योगाचा होता, शिदोरीचा नव्हता. तरी सोलापूर, फलटण, बारामती या पट्ट्यातील गृहिणींना आपल्या मुलखातील साखर मिळू लागली, ही गोष्ट पाकाच्या पातेल्यापर्यंत पोहोचलीच असणार.

त्यापूर्वीच आगगाडीने यात्रेचे स्वरूप पालटले होते. मार्च १८७० मध्ये जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता लोहमार्ग सलग झाला, १८७१ मध्ये मधुपूर-गिरिडीह शाखा सुरू झाली, आणि डिसेंबर १९०६ मध्ये ग्रँड कॉर्ड मार्ग खुला झाल्यावर ईसरीचे स्थानक, म्हणजे आजचे पारसनाथ, यात्रेकरूंच्या सोयीचे झाले. बैलगाडीचे महिने संपून दिवसांवर प्रवास आला. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीसारख्या संस्थांमुळे आणि ठिकठिकाणच्या धर्मशाळांमुळे मुक्कामी शुद्ध भोजनाची सोय वाढली. परंतु डब्यात चूल पेटविता येत नाही आणि गाडीला उशीर झाला म्हणून सूर्य थांबत नाही. मावळतीला गाडी भलत्याच माळावर उभी असली तर चौविहार करणाऱ्याने बसल्या जागी, आहे त्यातच आटोपावयाचे. रेल्वेच्या काळातील शिदोरीची बांधणी या एका क्षणासाठी होती, असे म्हणण्यास हरकत नाही : न शिजविता, न सांडता, पाच मिनिटांत पोट भरेल असे काही.

त्याच गरजेतून मुक्कामी, आग न लावता वळावयाचे पेठ्याचे लाडू आज घरोघर ठाऊक झाले आहेत. पाव किलो कोरडा पेठा जाड किसणीवर किसावयाचा. सुक्या खोबऱ्याची एक वाटी किसून त्यात मिसळावयाची, दोन वेलदोड्यांची पूड व लागेल तसा बुरा घालून हातानेच मळावयाचे. पेठ्यातील साखरेचा चिकटपणा गोळा धरण्यास पुरतो. तूप, दूध वा पाणी काहीच लागत नाही. वाटाण्याएवढ्या आकारापासून लिंबाएवढ्या आकारापर्यंत कसेही वळावेत. खोबऱ्याची वाटी त्याच दिवशी फोडलेली असावी, असा अनेक घरांचा कटाक्ष असतो. खजूर घालण्याची अलीकडची पद्धत श्वेतांबर घरांना हिवाळ्यापुरतीच चालते, कारण फाल्गुन चौमासीपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत खजूर-खारीक बंद असते. यात्रेचा हंगाम सुदैवाने हिवाळ्याचाच. चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते. नेमका त्याच सुमारास शेतातील कोहळा पिकून घरी आलेला असतो आणि मिठाईची मुदतही तीस दिवसांची झालेली असते.

बाजारात तयार पेठा मुबलक मिळू लागल्यापासून घरी तो करण्याचा खटाटोप कमी झाला आहे. त्यात नुकसान केवळ चवीचे नाही. विकतच्या पेठ्यावर तो बांधल्याची तारीख असते, पण तिथीने मोजलेली मर्यादा नसते. पाणी गाळलेले होते की नाही, कृत्रिम रंग-सुगंध कशाचे, हे पाकिटावरून कळत नाही. आग्र्यातील पेठ्याच्या कोळशावरील भट्ट्यांचा प्रश्न ३० डिसेंबर १९९६ च्या ताजमहाल-परिसरविषयक सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर देशभर गाजला, कारण त्या धुराचा संबंध संगमरवराशी होता. पाकाच्या कढईभोवती मरणाऱ्या माशा-मुंग्यांची नोंद कोणत्याही निकालात होत नाही. ज्या घरात आजी संध्याकाळ होण्यापूर्वी कढई झाकून ठेवीत असे, त्या घरातील पेठ्याला जे मोल होते ते पाकिटाला येणे अवघड आहे. अर्थात नोकरी करणाऱ्या सुनेने दोन दिवस चुन्याच्या निवळीत गुंतून राहावे, अशी अपेक्षाही न्याय्य नव्हे. काही गावांतील महिला मंडळे यात्रेपूर्वी एकत्र येऊन असे पदार्थ करतात, हा त्यावरचा एक व्यवहार्य तोडगा.

सम्मेदशिखरजीच्या पहाडावर आजही बहुतेक यात्रेकरू मधुवनातून मध्यरात्रीनंतर दोन-तीनच्या सुमारास निघतात. नऊ किलोमीटर चढ, नऊ किलोमीटर टोंकांची वंदना, नऊ किलोमीटर उतार असा सत्तावीस किलोमीटरांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. पहाडावर अन्न न घेण्याचा नियम पाळणारे पुष्कळ. ऑगस्ट २०१९ च्या अधिसूचनेमुळे या क्षेत्रात पर्यटनाचा शिरकाव होईल, या भयाने समाजात अस्वस्थता पसरली होती; ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने पर्यटनविषयक तरतुदी स्थगित केल्या, आणि त्या वेळी पहाडावर जे निषिद्ध असल्याचे नमूद झाले त्यात मद्य-मांसाबरोबर अनधिकृत कॅम्पिंग व ट्रेकिंग यांचाही समावेश होता. तेव्हा तंबू आणि मुक्काम खालीच. दुपार कलताना पाय ओढीत माणसे मधुवनात परततात, गाळलेल्या पाण्याने हात धुतात, पिशवीतला कडीचा डबा उघडतात. सूर्य अजून वर असतो, धर्मशाळेच्या भोजनगृहात पान वाढले जाण्यास अवकाश असतो, आणि डब्याच्या तळाशी फडक्यात बांधलेले चार लाडू कोरडेच राहिलेले असतात.